ढलपी की भुगा?

लाकूड कोरण्याचा छंद लागला की कधी ना कधी यंत्राचा विचार मनात येतोच. पटाशीने हात भरून येतो, वेळ कमी पडतो, आणि बाजारात तर विजेवर चालणारी हत्यारं शंभर तऱ्हांची. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात हाच विषय एका मामा-भाचीत निघाला. मामा सुतार, दारं, चौकटी, औतं यांत आयुष्य गेलेलं. भाची शाळेत शिक्षिका. संध्याकाळचा तास-दीड तास तेवढा तिचा स्वतःचा. जुन्या घराची चौकट काढली तेव्हाचा सागाचा एक ठोकळा तिने जपून ठेवला आहे, वीतभर लांब आणि चार बोटं जाड. त्यातून तिला खंड्या कोरायचा आहे. दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. मला जिथे एकाचं म्हणणं पटलं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

भाची: मामा, मी ठरवलंय. रोटरी टूल घेणार. हातात मावतं, घरच्या प्लगवर चालतं आणि सोबत डबाभर टोकं येतात.

मामा: टोकं डबाभर आली म्हणून कामं डबाभर होतात का? त्यातली बरीचशी तू हातातसुद्धा घेणार नाहीस. आधी हे सांग, या ठोकळ्यातलं किती लाकूड जाणार आहे?

भाची: निम्म्याहून जास्त जाईल. खंड्याचं डोकं मोठं, चोच लांब, शेपूट आखूड. चोचीच्या वरचं-खालचं सगळंच काढावं लागेल.

मामा: मग ते निम्मं कशाने काढणार? त्या बोटभर टोकाने?

यंत्र घेणारे बहुतेक जण हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. सुबक कोरलेले डोळे, पिसं पाहून यंत्र पसंत करतात आणि घरी आणल्यावर त्याच यंत्राला ठोकळा पोखरायला लावतात. रोटरी टूल त्यासाठी नाहीच. अमेरिकेतल्या रसीन गावात अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली ज्या कंपनीची सुरुवात केली, तिच्या नावानेच आज हा सगळा प्रकार ओळखला जातो. १९९३ पासून ती बॉश समूहात आहे. तिचं ३००० क्रमांकाचं मॉडेल मिनिटाला १०,००० ते ३३,००० फेरे घेतं. या हत्याराचं बळ वेगात आहे, जोरात नाही. टोक लाकडावर दाबलं की फेरे पडतात, आतला पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास; ऐकायला किरकोळ, पण मोटरच मुठीत धरून तासभर बारीक काम केलं की मनगट बोलायला लागतं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तर मोटरची आणखीच दमछाक.

भाची: ठीक. मग मोठं लाकूड काढायला ग्राइंडर. चार इंची तर आपल्या घरातच आहे. त्याला लाकडाची चकती लावायची.

मामा: नाही.

भाची: ऐकून तरी घ्या. काटेरी कार्बाइडची चकती मिळते, तिच्यावर करवतीसारखे दात नसतात. मी साखळीवाली म्हणतच नाही.

मामा: साखळीवालीचं तर नाव काढू नकोस. पण काटेरीसुद्धा या ठोकळ्यावर नको. हा वीतभर तुकडा धरणार कशात? ग्राइंडर दोन हातांचं हत्यार आहे. दोन्ही हात त्यावर असले तर तुकडा शिकंजात आवळलेला पाहिजे, आणि चकती चुकून शिकंजाच्या लोखंडाला लागली तर पुढचं तूच बघ.

इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूने आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. टोकाचा वेग हा व्यास आणि फेरे यांच्या गुणाकारावर ठरतो. ३ मिलिमीटरचा बर, म्हणजे फिरणारं दातेरी टोक, ३०,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड सेकंदाला पावणेपाच मीटर धावते. १९ मिलिमीटरचा बर तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवला तर तीच कड सेकंदाला जवळजवळ ३० मीटर धावते. आणि १०० मिलिमीटरची चकती ग्राइंडरच्या ११,००० फेऱ्यांवर साडेसत्तावन्न मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. म्हणून बर मोठा झाला की फेरे कमी करायचे, आणि त्याच्या पाकिटावर छापलेली मर्यादा कधी ओलांडायची नाही. मोठ्या ओंडक्याचं आसन किंवा परात खोदणाऱ्याला ग्राइंडर उपयोगी पडतो, त्याबद्दल वाद नाही. वीतभर पक्ष्याला तो नको.

भाची: मग तुम्हीच सांगा, कशाने काढू?

मामा: करवतीने. वरून आकार आखायचा, बाजूने आकार आखायचा आणि दोन्ही बाजूंनी करवत घालायची. उरेल ते वाकसाने आणि रुंद पटाशीने. एका संध्याकाळी खंड्या उभा राहील, ओबडधोबड का होईना. आणि खाली काय पडेल? ढलप्या. सुपात भरल्या की चुलीला झाल्या. तुझं यंत्र तेवढ्याच लाकडाचा भुगा करणार. तो कुठे जाणार, याचा विचार केलास?

या मुद्द्याने मला थांबवलं. हत्यारांची तुलना आपण वेगाची, किमतीची, टोकांच्या संख्येची करतो. मामा विचारतात, लाकडाचं पुढे होतं काय? धार असलेलं हत्यार तंतूंमध्ये शिरतं आणि तुकडा उचलून बाजूला टाकतं. फिरणारा बर तंतू ओरबाडतो, त्यांचं पीठ करतो आणि हवेत उडवतो. छंदासाठी यंत्र निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच धरतो. बाकीचे बरेचसे निर्णय त्याच्या उत्तरातून निघतात.

मामांच्या बोलण्याला या भूभागाचीही साक्ष आहे. नंदुरबारहून तापीकाठच्या लोहमार्गाने सुरतेकडे निघालं की नवापूर लागतं, जिथलं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. त्यापुढे सोनगड. सोनगड तालुक्यातल्या देवलीमाडीला मोगरा देवाचं ठाणं आहे: खांबावर बसवलेली लाकडी मगर. चौधरी, गामीत, वसावा या समाजांचा हा देव. हकू शहा आणि एबरहार्ड फिशर यांनी या मगरींवर १९७१ साली पुस्तक केलं आणि पुढे १९७३ मध्ये याच भागातल्या मृतांच्या स्मारकांवरही. मेळघाटातले कोरकू सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरून स्मारक उभं करतात, तीही लाकडाचीच कला. हे सगळं धारेच्या हत्यारांनी झालं आहे. मगरीच्या पाठीवर हत्याराचा प्रत्येक घाव सपाट पैलू ठेवून जातो आणि त्या पैलूंवर ऊन पडलं की आकार लांबूनही वाचता येतो.

भाची: म्हणजे मीही मगरच करावी, असं म्हणता?

मामा: नाही. ती पूजेची वस्तू, तिला तिची माणसं आहेत, तिचे विधी आहेत. शोभेला मांडायची म्हणून करू नकोस. तू खंड्याच कर. मी हत्याराबद्दल बोलतोय.

भाची: मग हत्याराबद्दलच बोलू. मामा, तुम्ही ज्या पटाशीची गोष्ट करता, तिला साग खातो, हे तुम्हीच लहानपणी मला दाखवलं होतं. चौकटीचं काम करताना दर थोड्या वेळाने तुम्ही उठून धार लावायचात.

मामा: हो. सागात वाळूसारखं काहीतरी असतंच. धार टिकत नाही.

ती वाळू म्हणजे सिलिका. साग जमिनीतून सिलिका ओढून घेतो आणि तिचे कण लाकडात राहतात. म्हणून त्याच्यावर साधं पोलाद लवकर बोथट होतं. टंगस्टन कार्बाइडचा बर मात्र सागावर कितीतरी जास्त टिकतो. भाचीच्या बाजूचा हा पहिला खरा मुद्दा आहे. अमेरिकेत पक्षी कोरणारे बासवुड, ट्युपेलो अशी मऊ लाकडं निवडतात. वॉर्ड बंधूंच्या नावाने तिथे १९७१ पासून पक्षिशिल्पांची जागतिक स्पर्धा भरत आली आहे, आणि ट्युपेलो बरखाली पिंजारत नाही म्हणून यंत्राने काम करणाऱ्यांचं ते आवडतं. त्यांचे धडे वाचून सागावर तीच हत्यारं चालवायला गेलं की निराशा होते. आपल्या हाताशी असलेलं लाकूड वेगळं आहे आणि हत्यार त्याच्याकडे पाहून घ्यायला हवं.

उलट सावर किंवा पांगारा घेतला तर चित्र पालटतं. ही लाकडं इतकी मऊ की बर त्यांचे तंतू कापण्याऐवजी ओढतो आणि पृष्ठभागावर लव उभी राहते. ती घासून काढता काढता कोरलेलं पुसट होतं. तिथे धारदार चाकूच हवा. शिवण आणि हेदू या दोघांच्या मधले. दोन्ही हत्यारांना राजी. सागाला कार्बाइड मानवतं. हा एवढा हिशेब डोक्यात असला तरी दुकानदाराच्या बोलण्यात माणूस वाहून जात नाही.

मामांनी मग बोलणं थांबवून ठोकळा शिकंजात धरला. गोल पटाशी दगडावर, मग चामड्यावर ओढली आणि एका कोपऱ्यावरून एकच ढलपी काढली. ती काढलेली जागा ओली असल्यासारखी चमकली; पॉलिश नाही, कागद नाही. भाचीने शेजारच्या सोनाराकडून मागून आणलेली बर फिरवायची मोटर त्याच ठोकळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर चालवली. खळगा छान गोल झाला, पण आत बारीक ओरखडे आणि रंग मंद. मग तिने बर आडवा, रेषांच्या उलट दिशेने नेला. काही तुटलं नाही. मामांनी पटाशी त्याच उलट दिशेने लावली तर कड उचकटली.

भाची: बघा. बरला रेषा कळतच नाहीत, म्हणून तो कुठूनही जातो. खंड्याची मान वळवली की रेषा तिथे उलट्या होणार, तिथे मी काय करू? आणि चोच. चोच रेषांच्या दिशेनेच ठेवीन, तरी टोकाशी ती आगकाडीएवढी होणार. पटाशीचा बाजूचा दाब तिला सोसेल?

मामा: नाही सोसणार. ते मान्य. बारीक जागी तुझं टोक दाब न देता खातं, हे मी पाहिलं.

भाची: आणि डोळ्याची खाच, पंखावरच्या रेघा?

मामा: तेही कर. पण ज्याला रेषा कळत नाहीत त्याच्या हातून तुलाही त्या कळणार नाहीत. पहिली चार कामं यंत्राने केलीस तर लाकूड कसं फाटतं, कुठे साथ देतं, हे तुझ्या हाताला समजणारच नाही. मग मोठा तुकडा घेशील आणि चोच आडव्या रेषांत काढून बसशील.

भाची: मामा, तुम्ही शिकलात तेव्हा दिवसभर तेच काम होतं. माझ्याकडे संध्याकाळचा तास आहे. त्यातला निम्मा धार लावण्यात गेला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतही खंड्याला पंख फुटायचे नाहीत.

या ठिकाणी दोघांपैकी कुणालाही खोडायला माझं मन धजत नाही. तरी मला वाटतं, भाचीचं वेळेचं गणित अर्धंच आहे. धार लावायला लागणारा वेळ तिने मोजला. बरचे ओरखडे घासून काढायला लागणारा वेळ तिने मोजला नाही. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग आणखी बारीक. खळग्यात तर बोटाला कागद गुंडाळून. पटाशीने चमक आलेल्या जागेला यातलं काहीच लागत नाही.

आता भुग्याबद्दल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं; नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला म्हणून. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. आठवड्यातून चार तास कोरणाऱ्याने घाबरून छंद सोडू नये. पण ओढणीचं टोक नाकाला लावून काम भागतं असंही समजू नये. सागाची धूळ कातडीला खाजवते, काहींना तिच्याने पुरळ येतो, शिसवाचंही तसंच. बर जितका बारीक आणि वेग जितका जास्त, तितका भुगा बारीक, आणि सगळ्यात बारीक भुगा डोळ्यांना दिसत नाही, तोच छातीत खोल जातो. करवतीचा जाडा भुसा त्यामानाने पायाशी पडून राहतो.

मामा: मी सांगतो ते ऐक. यंत्र घ्यायच्या आधी मास्क घे. कापडाचा नाही, एन-९५.

भाची: घेतेच. चष्माही. आणि ओसरीच्या कडेला बसेन, पाठीमागून पंखा लावून. भुगा अंगणाकडे जाईल.

मामा: पंखा पाठीमागून नको. तुझ्या अंगाला अडून वारा तुझ्यासमोरच फिरत राहील. बाजूने लाव, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल असा. आणि माय, ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, बांगड्या काढायच्या. कपडा गुंडाळला गेला की यंत्र थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. हातमोजेसुद्धा फिरत्या टोकाजवळ नकोत.

आता सोनाराची मोटर. भाचीने ती सहज मागून आणली होती, पण मला वाटतं, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. सोनाराच्या पेढीवर खिळ्याला एक मोटर टांगलेली असते. तिच्यापासून एक लवचिक दांडा खाली येतो आणि त्याच्या टोकाला पेनासारखी मूठ. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल. यालाच फ्लेक्स शाफ्ट म्हणतात. अमेरिकेतली फोरडोम कंपनी १९२२ पासून हेच बनवते आहे. भारतीय बनावटीच्या अशा मोटरी सोनारांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात आणि त्यांची किंमत परदेशी मोटरच्या कितीतरी खाली असते.

तिचे फायदे मला चार-पाच दिसतात, पण खरं वजन दोघांनाच देईन. एक, मोटर वर टांगलेली असल्यामुळे हातात फक्त मूठ राहते. तापलेली, थरथरणारी मोटर धरावी लागत नाही. दुसरा फायदा पेडलचा. पाय उचलला की टोक थांबतं. दोन्ही हात कामावर असताना थांबवण्याची ही सोय रोटरी टूलच्या बटणात नाही. मोटर मोठी म्हणून कमी फेऱ्यांवरही तिच्यात जोर राहतो, आणि सागावर मोठा बर कमी फेऱ्यांवर फिरवणं हेच हवं असतं. कार्बन ब्रश झिजले तर बदलता येतात, आणि अशी मोटर दुरुस्त करणारा हात नंदुरबारच्या सराफ बाजाराच्या आसपास सापडायला हरकत नाही. बाहेरून मागवलेलं रोटरी टूल बिघडलं तर ते बहुधा कपाटात जातं.

तिची कटकटही आहे. दांडा फार वाकवला तर आतली तार तापते आणि शेवटी तुटते. म्हणून मोटर पुरेशा उंचीवर टांगायची आणि दांड्याचा वळसा मोठा ठेवायचा. अधूनमधून ग्रीस लागतं. आणि ती जागेवरच राहते, आज ओसरीवर उद्या गच्चीवर असं नेता येत नाही.

मामा: पेडल मला आवडलं. थांबतं कसं ते मी बघत होतो.

भाची: मग ढलपी काढणारं यंत्रही आहे, ते बघितलंत का? मोटरवर चालणारी पटाशी. टोक फिरत नाही, पुढे-मागे धक्के देतं. लाकडावर दाब दिला तरच धक्का, उचललं की बंद.

मामा: म्हणजे मोगरी तिच्या पोटात.

भाची: तेच. भुगा नाही, ढलप्याच पडतात.

मामा: मग तेच घे की! आधी हे का नाही सांगितलंस?

मामांचा एवढा उत्साह या सगळ्या बोलण्यात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला मिळाला नाही, आणि तो समजण्यासारखा आहे. रेसिप्रोकेटिंग कार्व्हर म्हणतात ते हे हत्यार जपानी आणि जर्मन कंपन्या करतात. ज्याच्या मनगटात दम उरलेला नाही त्याला ते फार उपयोगी. पण धार त्यालाही लागतेच, आणि सागावर ती पटाशीइतकीच झरझर जाणार. ओल्या किंवा मऊ लाकडावर ते जे सुख देतं ते जुन्या, कडक सागावर देत नाही. त्याची पाती ठरावीक दांड्याचीच लागतात आणि ती इथे सहज मिळत नाहीत. परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असेल तर आणखी एक गोष्ट बघायची: जपानात घरची वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. तिथलं यंत्र इथल्या प्लगला सरळ लावलं तर पहिल्याच दिवशी जळेल.

भाची: मग माझं ठरलं. टांगती मोटर.

मामा: आणि टोकं?

भाची: हिऱ्याच्या तीस टोकांचा संच स्वस्त मिळतो.

मामा: त्याने काय होतं?

भाचीला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी देतो. हिऱ्याचा मुलामा दिलेली टोकं दगड, काच, टणक धातू यांच्यासाठी आहेत. लाकूड ती कापत नाहीत, घासतात. साग तर करपतो आणि त्यातलं तेल टोकावर चिकटून ते गुळगुळीत होतं. अगदी शेवटी, पिसाच्या रेघांना एखादं बारीक टोक चालेल, पण पूर्ण संच म्हणजे पैसे वाया. लोखंडासाठीचे बारीक दुहेरी दातांचे कार्बाइड बरही लाकडात लगेच भरून जातात. सागाला हवा तो विरळ, काटेरी दातांचा कार्बाइड बर. दातांमध्ये जागा असते म्हणून भुगा बाहेर पडतो. तरी तेलामुळे तो भरतोच, तेव्हा पितळी ब्रशने साफ करायचा. छंदाला असे दोन पुरे: आकाराला १२ मिलिमीटरच्या आसपासचा अंडाकृती आणि खाचांना ३ मिलिमीटरचा निमुळता. मग डोळ्यासाठी एक गोल.

आणखी एक बारीक गोष्ट, जी घरी आल्यावर डोक्याला ताप करते: दांड्याची जाडी. रोटरी टूलची टोकं बहुतेक सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर, दाताच्या प्रयोगशाळेची २.३५ मिलिमीटर, मोठे काटेरी बर ६ मिलिमीटर. मूठ कोणती जाडी धरते ते आधी बघायचं. किल्लीने आवळायचा चक असलेली मूठ घेतली तर लहानसहान जाड्या एकाच मुठीत बसतात. ६ मिलिमीटरला मात्र वेगळी मूठ लागते. दुकानात गेल्यावर मोटरच्या फेऱ्यांबद्दल विचारण्याआधी हे विचारावं.

मामा: ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवलंस का? चौकटीचा आहे. आत खिळा असला तर तुझा कार्बाइडचा दात गेला आणि माझी पटाशीही.

भाची: नाही फिरवलं.

मामांनी घरातून लोहचुंबक आणलं आणि ठोकळ्याच्या एका अंगाला ते चिकटलं. डोकं मोडलेला खिळा आत होता, बाहेरून नुसता काळा डाग दिसत होता. तो काढायला गिरमिटाने भोवती भोकं पाडावी लागली, आणि आता खंड्याचं पोट त्या बाजूला येणार नाही, पाठ येईल, असं ठरलं.

भाची: तर मग करवत आणि वाकस तुमचं. मला तो ओबडधोबड खंड्या करून द्या, पुढचं मी मोटरने करते.

मामा: मी नाही करून देणार. करवत तू धर, तुकडा मी धरतो. आणि दोन पटाश्या विकत घे, एक सपाट, एक गोल. मोटरच्या आधी.

भाची: मोटरच्या सोबत.

मामा: आधी. आणि सागाच्या आधी शिवणीचा एक तुकडा.

भाची: शिवणीचा करेन, पण पटाशीने निम्मा आणि मोटरने निम्मा. उजवा पंख तुमचा, डावा माझा. मग बघू कुठला बरा दिसतो.

मामा: चालेल. पण चोच जाड ठेव. ती बारीक करायची अगदी शेवटी, पाठ, पोट, पंख सगळं झाल्यावर. नाहीतर शेपटीला कागद मारताना हाताचा धक्का लागेल आणि मोडेल.

भाची: आणि ती कशाने करायची?

मामा: तुझ्या त्या तीन मिलिमीटरवाल्याने. पेडल मी दाबतो.